सत्तावीस नंबरचं पाणी

३ फेब्रुवारी, सोमवार

आज मॅडमनी माझ्या प्रयोगवहीतली एक ओळ लाल शाईने खोडली. ओळ अशी होती: ‘कुप्या धुणाऱ्या मावशी दोन दिवसांच्या रजेनंतर आल्या, कुप्या उशिरा मिळाल्या, म्हणून प्रयोग दुपारी सुरू.’ शेजारी मॅडमनी लिहिलं, ‘प्रयोगवहीत निरीक्षणं लिहावीत. गप्पा नकोत.’

बरं. मग गप्पा इथे. बाबांनी शिवणकामाचं दुकान बंद केलं तेव्हा मापांच्या चार कोऱ्या वह्या उरल्या होत्या, त्यातली एक मी मागून घेतली. पानावर छाती, कंबर, बाही, गळा असे रकाने छापलेले आहेत आणि मी त्यांच्यावरून आडवी लिहीत चालले आहे. एरंडेल तेलातलं एक आम्ल आणि साखर जोडून मी जी पांढरी भुकटी बनवते ती कंबरेच्या रकान्यात बरोबर मावली.

बाबांना माझं काम तीन वर्षांत कळलेलं नाही. मी सांगते, साबणाचे भाऊबंद. एक टोक पाण्याकडे ओढ घेणारं आणि दुसरं तेलाकडे, असे रेणू. पाण्यात टाकले की ते एकमेकांना धरतात, आणि नीट धरलं तर पाणी वाहायचं थांबून उभं राहतं. बाबा म्हणतात, ‘पाणी उभं करून काय करणार?’ मलमं, रंग, शेतात टाकायची औषधं, सगळ्यांना घट्टपणा लागतो, आणि आज तो ज्या पदार्थांनी आणतात ते मातीत वर्षानुवर्षं तसेच पडून राहतात. माझी भुकटी मातीत विरून जाईल. जर पाणी उभं राहिलं तर. सव्वीस भुकट्या झाल्या, सव्वीसही वेळा पाणी वाहतंच आहे. १४ मार्चला समिती येणार आहे. तिला दाखवण्यासारखं काही नसेल तर काम तिथेच थांबणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

उभं राहिलं!

सत्तावीस नंबर. गरम पाण्यात विरघळवलं, खूप हलवलं, कुपी खिडकीपाशी ठेवून चहाला गेले. येऊन पाहते तर आत धुरकट काहीतरी. कुपी उलटी केली. पडेना! मी ती उलटी कुपी धरून अख्ख्या मजल्यावर फिरले. डॉक्टर म्हणाला, ‘आरशात बघ, चेहरा कसा झालाय.’ (डॉक्टर म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. सात वर्षं झाली, प्रबंध पुरा होत नाही, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. तोही ओ देतो.)

कुप्या धुणाऱ्या मावशींनासुद्धा दाखवली. त्या मोरीपाशी उभ्या होत्या. त्यांची कुप्या न्यायची पद्धत बघत राहावी अशी आहे. वाळलेल्या कुप्यांच्या तोंडात एकेक बोट घालून एका हातावर चार, दुसऱ्यावर चार अशा आठ कुप्या एका फेरीत उचलतात, आणि आजवर एकही फोडलेली नाही. दोन्ही हात पसरून, बोटांवर काचेच्या टोप्या घालून त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘ताई, हे पडत का नाही?’ मी म्हटलं, तेच तर शोधतेय.

१० फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा तीन कुप्या लावल्या. दोन उभ्या, एक वाहती. वाहती होती ती नव्या खोक्यातली होती, मावशींच्या कुप्या संपल्या म्हणून फोडलेल्या खोक्यातली. तिची काचच हलकी असेल.

मॅडम खूश आहेत. मॅडम खूश झाल्या की चष्मा काढून पुसतात, बाकी काही नाही. आज दोनदा पुसला. म्हणाल्या, ‘समितीसमोर दहापैकी दहा उभ्या राहिल्या पाहिजेत. तीनपैकी दोन हा निकाल नाही, योगायोग आहे.’

तेव्हा मी म्हणाले, मॅडम, कुप्यांना आतून कधीकधी बोटांचे ओशट ठसे असतात. गळ्यापाशी, उजेडात धरलं की दिसतात. मॅडमचा चेहराच बदलला. साबणाच्या भाऊबंदांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत ओशट काच! ‘तिसरी कुपी का फसली ते कळलं,’ असं म्हणून त्या सरळ मोरीकडे गेल्या. (फसलेली कुपी नवीकोरी होती हे सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं.)

१२ फेब्रुवारी, बुधवार

मॅडमनी मावशींचे चांगलेच कान उपटले म्हणे. मी तिथे नव्हते, डॉक्टरने सांगितलं. मला जरा कसंसंच झालं. पण काम तर सुधारलं! आजच्या कुप्या काय लखलखत होत्या. प्रयोगवहीत ‘काचसामान’ असा एक रकाना असतो, त्यात मी नेहमीच ‘स्वच्छ’ लिहिते. आज पहिल्यांदा मनापासून लिहिलं. उद्यापासून दहा कुप्यांचा संच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दहापैकी शून्य.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शून्य.

२० फेब्रुवारी, गुरुवार

शून्य. पाणी बदलून पाहिलं. भुकटी पुन्हा शुद्ध केली. सावकाश थंड केलं, घाईने थंड केलं, खिडकीपाशी ठेवलं, कपाटात ठेवलं. सहा तारखेची जुनी कुपी टेबलावर अजून उलटी उभी आहे आणि मला वाकुल्या दाखवते आहे. तीच भुकटी, तेच पाणी, तेच माझे हात. काय आहे तिच्यात जे यांच्यात नाही?

खरं सांगू तर रागासोबत मजाही वाटते. अपयश सरळ असतं तर कळलं असतं. हे अपयश नखरे करतंय, म्हणजे त्याला काहीतरी हवं आहे.

मावशींचं नवीन खूळ: हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून, मनगटाशी दोरा बांधून कुप्या धुतात. पिशव्यांतून काच निसटते. आज दोन फोडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, ‘मावशी, पिशव्या कशाला? नीट धरता येत नाही.’ त्या म्हणाल्या, ‘हो ताई, काढते,’ आणि काढल्या नाहीत.

२६ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरने खुर्ची ओढली आणि म्हणाला, ‘आता पोलिसासारखं बघू. सहा तारखेला या खोलीत काय काय होतं ते सगळं सांग.’ आम्ही यादी केली. भुकटी, पाणी, काच, झाकण, चमचा, तराजू, शेगडी. मी तोंडाने काय गुणगुणत होते हेही त्याने विचारलं. त्याचा संशय झाकणांवर. माझा शेगडीवर. दोघांचेही संशय दुपारपर्यंत खोटे ठरले. मग त्याने उभी असलेली जुनी कुपी उचलली आणि म्हणाला, ‘हिलाच विचार.’

विचारलं असतं, पण ती एकच साक्षीदार आहे. ती फोडून तपासायची तर समितीला दाखवायला काहीच उरत नाही. मॅडम ‘नको’ म्हणाल्या. आज चष्मा पुसला नाही.

३ मार्च, सोमवार

मावशींनी धुण्याचं काम सोडलं. स्वतःहून जिने झाडायचं मागून घेतलं म्हणे. काम तिप्पट, चार मजले, तरीही. इतकी वर्षं मोरीपाशी काढून एका बोलण्यावरून रुसायचं म्हणजे कमाल आहे. मोरीवर आता एक नवीन बाई आली आहे. रबरी हातमोजे स्वतःचे घरून घेऊन येते. कुप्या चकाचक.

दहापैकी शून्य. अकरा दिवस उरले. आता झोपेतसुद्धा मी कुप्या उलट्या करते.

५ मार्च, बुधवार

जिन्यावर मावशी दिसल्या. पायरी झाडत नव्हत्या, टेकून उभ्या होत्या, झाडू काखेत. मी घाईत होते. त्यांनीच विचारलं, ‘ताई, तुमचं ते पाणी उभं राहतंय ना?’

मी म्हटलं, ‘नाही मावशी. गेल्या महिन्यापासून एकदाही नाही.’

‘अरे देवा. आणि मला वाटलं, आता काच स्वच्छ असते तर बरं चाललं असेल.’ असं म्हणून त्यांनी हात पदराखाली घेतले. त्यांना माझी काळजी वाटली असं मला वाटलं. चांगल्या आहेत बिचाऱ्या.

८ मार्च, शनिवार

हे सगळं नीट लिहायला हवं.

सकाळी घरी होते. बाबा खिडकीपाशी शर्टाला काज करत बसले होते. दुकान बंद केलं तरी हात थांबत नाहीत. दोरा ओवण्याआधी तो मेणाच्या गोळ्यावरून ओढतात, म्हणजे गुंता होत नाही. मी पाणी मागितलं तर म्हणाले, ‘थांब, उठतोच आहे,’ आणि पेला भरून आणून दिला. आम्ही दोघं बोलत बसलो. पेला रिकामा झाला. मी तो उजेडात फिरवत होते, सवयच लागली आहे. तर काय, पेल्याला आतून पाण्याचा पातळ थर होता, आणि काठापाशी दोन ठिकाणी पाणी थराने न राहता थेंब थेंब होऊन थबकलं होतं. दोन बोटं. बाबांनी पेला उचलताना दोन बोटं आत घातली होती.

‘बाबा, तुमची बोटं मेणाची आहेत.’

‘चाळीस वर्षं झाली,’ ते म्हणाले. ‘तुझ्या आईला चालायचं नाही. तांब्याला हात लावू द्यायची नाही ती.’

मी पेला तसाच ठेवून ही वही काढली. मग पिशवीतून प्रयोगवही काढली. दोन्ही शेजारी उघड्या ठेवल्या. प्रयोगवहीत सहा फेब्रुवारीला: काचसामान स्वच्छ. दहा फेब्रुवारीला: स्वच्छ. सतरा, अठरा, वीस: स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ. तीन मार्च: स्वच्छ. त्या वहीला विचारलं तर काहीच बदललेलं नाही.

आणि ही गप्पांची वही! मावशी बोटांवर कुप्या घालून आल्या. नव्या खोक्यातली फसली. ओशट ठसे. कान उपटले. त्यानंतर शून्य. पिशव्या. शून्य. जिने. शून्य.

मी तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा आनंदाने टुणकन उडी मारली, की सापडलं! मावशींच्या बोटांना काहीतरी होतं, ते कुपीत उतरत होतं, आणि त्यालाच धरून सत्तावीस नंबर उभा राहत होता. दुसऱ्यांदा वाचताना पिशव्यांपाशी अडखळले. तिसऱ्यांदा ‘हात पदराखाली घेतले’ या ओळीच्या पुढे मला वाचवेना.

बाबांनी विचारलं, ‘काय झालं गं?’

मी म्हटलं, ‘बाबा, मी फार मूर्ख आहे.’

ते म्हणाले, ‘ते जाऊ दे. झालं काय ते सांग.’

१० मार्च, सोमवार

सकाळी मॅडमच्याही आधी पोहोचले. जिन्याखाली झाडू-बादल्यांची खोली आहे, मावशी तिथे पालथ्या बादलीवर बसल्या होत्या. मला पाहताच उठल्या. ‘ताई, तिसरा मजला झालाय, दुसरा घेतेच आता.’

मी म्हटलं, ‘मावशी, बसा. मला तुमचे हात दाखवा.’

दाखवेनात. मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले तेव्हा कुठे पुढे केले. बोटांच्या प्रत्येक पेराला चीर. काही चिरा जुन्या, कडा पांढऱ्या पडलेल्या. काही लाल. अंगठ्याला चिंधी. आमच्या धुण्याच्या पाण्यात काय काय असतं ते मला ठाऊक आहे, मीच लिहून भिंतीवर लावलंय. तेल काढणारं पाणी काचेचं तेल काढतं तसं कातडीचंही काढतं. आम्ही हे पहिल्या वर्षाला शिकवतो. आम्ही हातमोजे घालून शिकवतो.

‘आधी इतके नव्हते,’ मावशी म्हणाल्या. ‘आधी मी मलम लावायचे. कुप्या धुऊन झाल्या की हात पुसून लावायचे, मग वाळलेल्या कुप्या उचलायच्या. मॅडम बोलल्या, काच ओशट होते. मग बंद केलं. पिशव्या घातल्या तर काच फुटली. म्हटलं, आपण जिने घेऊ. नुकसान नको तुमचं.’

‘मला का नाही सांगितलंत?’

‘तुम्हीच सांगितलं होतं ना मॅडमना?’ हे त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या, रागाने नाही. मला रडू आलं. रडले. त्यांनी पदर पुढे केला, त्या चिरलेल्या हातांनी. कुणाचं कुणी सांत्वन करायचं तेही उलटंच झालं.

मग मी नाक पुसून विचारलं, कारण नुसतं रडून माझं कधी भागत नाही, ‘मावशी, मलमात काय असतं?’

त्यांनी चोळीच्या खिशातून एक चपटी डबी काढली. पिवळट, घट्ट. ‘मेणबत्तीचे बुडखे,’ त्या म्हणाल्या. ‘वीज जाते तेव्हा लावतो ना, त्यांचे उरतात. ते वितळवायचे, एरंडेल घालायचं, गार होईस्तोवर ढवळायचं. माझी सासू करायची.’

एरंडेल! माझी तीन वर्षं एरंडेलात गेली आणि यांच्या सासूबाई माझ्याही पुढे होत्या.

११ मार्च, मंगळवार

नव्या खोक्यातल्या वीस कुप्या. दहांच्या गळ्याला आतून मावशींच्या डबीतलं मलम, मोहरीच्या दाण्याहूनही कमी. दहा कोऱ्या.

दहापैकी दहा उभ्या. दहापैकी शून्य.

डॉक्टरने दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, ‘मी निरपराधाला पकडणारा पोलीस निघालो. झाकणांची माफी मागतो.’

मावशींना वर बोलावून दाखवलं. सांगायचा प्रयत्न केला की मेणबत्तीतलं मेण पाणी थंड होताना आधी बारीक बारीक गोठतं, आणि सत्तावीस नंबर त्या कणांना धरून लांब लांब धागे विणतो. कण नसले की तो कुणाला धरणार? मावशींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, ‘म्हणजे दुधाला विरजण लागलं म्हणा की.’ मी अर्धं पान खर्चून जे लिहिणार होते ते झालं.

मग मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं, हातांसकट. मॅडमनी वीसही कुप्या एकेक उलटी करून पाहिल्या. ‘समितीसमोर मेणबत्तीचे बुडखे सांगणार आहेस?’

‘हो.’

‘ते म्हणतील, तुमची काच घाण होती म्हणून निकाल आला.’

‘तसंच झालं आहे, मॅडम. आणि घाण नव्हती ती.’

मॅडम उठल्या. किल्ली घेऊन भांडारात गेल्या. हातमोज्यांचं खोकं त्या कपाटात पहिल्या दिवसापासून आहे, त्यावर ‘संशोधकांसाठी’ अशी चिठ्ठी होती. येताना खोकं हातात होतं, चिठ्ठी नव्हती. जिन्याखालच्या खोलीत त्या एकट्याच गेल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, ‘आमचं आमच्यात.’

१४ मार्च, शुक्रवार

समिती आली, तीन माणसं. मी दहा उभ्या आणि दहा वाहत्या कुप्या मांडल्या आणि जसं झालं तसं सांगितलं. माझी तक्रार, मॅडमचं बोलणं, पिशव्या, शून्य, बाबांचा पेला. मॅडमच्या बोलण्यापाशी आले तेव्हा त्यांच्याकडे पाहिलं, तर मॅडमच म्हणाल्या, ‘पुढे सांग.’ सगळ्यांत म्हाताऱ्या गृहस्थांनी एक उभी कुपी उलटी धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला. ‘हा परिणाम धुणाऱ्या बाईंच्या हातांचा नाही, मेणाचाच आहे, हे कशावरून? त्याच बाईंनी, मलम न लावता धुतलेल्या कुप्या दाखवा. मग ठरवू.’ त्यासाठी एक महिना दिला.

प्रश्न रास्त होता. उत्तर देणं मात्र माझ्या हातात नव्हतं. मावशींना चिरलेल्या हातांनी, मलमाशिवाय कुप्या धुवायला मी सांगणार नव्हते. मॅडमही म्हणाल्या, ‘हात बरे होईपर्यंत थांबू. महिना गेला तर गेला.’

२ एप्रिल, बुधवार

मावशी सोमवारपासून मोरीवर परतल्या. नव्या बाईने जिने घेतले, तिला वरचा मजला हवाच होता, तिथे वारा येतो म्हणाली. मोजे पहिल्या दिवशी मोठे झाले, डॉक्टरने लहान मापाचे शोधून आणले. मावशींना मोज्यांतून आठ कुप्या उचलता येत नाहीत, सहाच येतात. त्यावरून रोज कुरकुर करतात. ऐकायला छान वाटतं.

१० एप्रिल, गुरुवार

समितीने मागितलेला प्रयोग. सकाळी मॅडमनी स्वतः मावशींच्या हातांची पाहणी केली. दोन्ही बाजूंनी, चष्मा पुसून. चिरा भरल्या आहेत. अंगठ्यावर एक फिकट रेघ उरली आहे. मलमाची डबी आता घरीच असते, मावशी म्हणाल्या, कामावर गरजच पडत नाही.

बारा कुप्या. मावशींनी मोजे घालून धुतल्या, वाळवल्या, सहा-सहा करून दोन फेऱ्यांत माझ्या टेबलावर आणल्या. सहांत मी मेणाचा मोजून घेतलेला कण टाकला. सहांत काही नाही, फक्त मावशींचं धुणं. सगळ्यांत सत्तावीस नंबर, सगळ्या गरम केल्या, सगळ्या हलवल्या, सगळ्या खिडकीपाशी. मावशी मोरीवर गेल्याच नाहीत, तिथेच उभ्या राहिल्या.

चहा पिऊन आलो. आधी मेणाच्या कुप्या उलट्या केल्या. सहा उभ्या. मग बिनमेणाच्या सहा घेतल्या. पहिलीतलं पाणी सरळ झाकणावर येऊन आपटलं. दुसरीतलं. तिसरीतलं. सहाही.

मावशींचा चेहरा पडला. ‘फसलं का हो ताई?’

मी म्हटलं, ‘मावशी, हात बघा तुमचे. त्यांच्यावर काहीच नाहीये आता. म्हणून फसलं.’ त्यांनी मोजे काढले आणि तळवे, मग पालथे हात, मग पुन्हा तळवे असे बघत राहिल्या. तीन वर्षांत शंभरेक वेळा तरी माझं पाणी वाहून गेलं असेल. ते वाहताना बघून मी हसले ती आजच.

प्रयोगवही भरली. भुकटी, पाणी, तापमान, मेणाचं वजन. मग काचसामानाचा रकाना. त्यात लिहिलं: ‘स्वच्छ. धुणाऱ्या: मावशी. हात: बरे.’

संध्याकाळी वही मॅडमच्या टेबलावर ठेवली. परत आली तेव्हा खाली त्यांची सही होती, निळ्या शाईत. लाल कुठेच नव्हतं.